पाचोळा बागेतच राहू द्या
वैशाख तापू लागला की फुलबागेची काळजी वाटू लागते आणि बहुतेकांना एकच उपाय सुचतो: पाणी वाढवा. आळी तुडुंब भरतात आणि त्याच सकाळी वाफे खराट्याने लख्ख झाडून पाचोळा फाटकाबाहेर पेटवला जातो. एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्याने काढून घ्यायचे, असा हा प्रकार आहे. या दिवसांत बागेतले पहिले काम जमीन झाकण्याचे. त्यासाठी लागणारी पाने झाडांनी फाल्गुन-चैत्रातच गाळून ठेवलेली असतात.

उघड्या मातीचा वरचा थर तापतो आणि ओल वाफ होऊन उडून जाते. काळ्या जमिनीला तर भेगा पडतात आणि बारीक मुळे तुटतात. मोगऱ्याला हे फार बाधते, कारण त्याच्या बहराचे हेच दिवस. कळ्या नव्या फुटीवर येतात. ओल टिकली नाही तर फूट अडते आणि कळ्या बारीक राहतात. आळ्यात दोन-तीन इंच पाचोळा पसरा आणि काही दिवसांनी भर दुपारी तो बाजूला सारून पाहा. खालची माती हाताला गार लागते, कुजू लागलेल्या पानांना बुरशीचे पांढरे धागे चिकटलेले दिसतात. पुढे त्याच पानांचे खत होते. उसाचे पाचट जाळू नका, सरीतच पसरा, असे कृषी विभाग शेतकऱ्यांना सांगत आला आहे तो याच कारणासाठी. शहरातल्या बागेला वेगळा न्याय का?

पाचोळ्यात विंचू-साप येतील, ही भीती खोटी नाही. पण त्यांना दडायला विटांचे, लाकडांचे, पानांचे ढीग अधिक सोयीचे. पातळ थरात तेवढा आसरा मिळत नाही. तरी घराच्या भिंतीलगतची जागा मोकळी ठेवावी आणि पाचोळा खुरप्यानेच हलवावा. वाळवीचा धोका टाळायला काटक्या वेचून काढाव्यात, खोडाभोवती चार बोटे जागा सोडावी. गुलाबाची काळ्या ठिपक्यांची पाने मात्र यात अजिबात नकोत. राहिला ‘घाण दिसते’ हा आक्षेप. तो मला मान्य नाही. आळ्यातली वाळकी पाने कोणाला त्रास देत नाहीत. पेटवलेल्या पानांचा धूर शेजारच्या दमेकऱ्याच्या छातीत जातो. घनकचरा व्यवस्थापनाच्या 2016 च्या नियमांनीही कचरा उघड्यावर जाळायला मनाई केली आणि बागेतला कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवायला सांगितले.

यात माळ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. ‘स्वच्छ झाडून दे’ असे त्याला आपणच सांगतो. सोसायटीने त्याला आता नेमके उलटे सांगावे, आणि तेही याच आठवड्यात. मृगाचा पाऊस धरला की हा थर विरळ करावा लागतो, नाहीतर मोगऱ्याचे बुंधे कुजतात. त्यामुळे पाचोळ्याचा खरा उपयोग आता उरलेल्या उन्हाच्या दिवसांतच आहे.