धोटा माणसे मोजत नाही

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी. यंत्रमागाच्या या गावांत कामगारांच्या सुरक्षेचा विषय काढला की ठरलेले उत्तर मिळते: 'आमचा कारखाना लहान, आम्हाला तो कायदा लागत नाही.' दुर्दैवाने हे उत्तर पुष्कळदा खरे असते.

1948 च्या कारखाना अधिनियमात, विजेवर काम चालत असेल तर किमान 10 कामगारांची अट होती. 2020 च्या संहितेने 'कारखान्या'ची व्याख्या करताना तीच अट 20 वर नेली. पण मागावरून उडालेला धोटा डोळ्यावर बसतो तेव्हा तो शेडमधली माणसे मोजत नाही. फिरत्या पट्ट्यात बाही अडकते तेव्हा पट्टाही मोजत नाही.

खरे तर जुना कायदा इतका आंधळा नव्हता. चालू यंत्राला तेल घालणे, त्याची जुळवणी करणे ही कामे खास प्रशिक्षण घेतलेल्या कामगारानेच, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून करावीत, असे 22 वे कलम सांगत होते. भोपाळच्या दुर्घटनेनंतर 1987 च्या दुरुस्तीने सुरक्षेची माहिती मिळवणे हा कामगाराचा हक्क ठरवला. आणि 85 व्या कलमाने 10 पेक्षा कमी कामगारांच्या जागेलाही कायदा लागू करण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला होता.

म्हणून माझी मागणी राज्याकडे आहे. यंत्रमागासाठी नियम करताना डोकी मोजू नका, धोका मोजा. नवा कामगार मागापुढे उभा राहण्याआधी त्याला प्रशिक्षण द्या, तेही त्याला कळेल त्या भाषेत, मग ती उर्दू असो वा भोजपुरी. इंग्रजी पाटी भिंतीवर ठोकणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे. आणि त्या दिवसाची मजुरीही द्या. ज्याचा रोजगार मीटरवर ठरतो, त्याच्यासाठी बिनपगारी प्रशिक्षण म्हणजे खाडाच. तो येणार नाही.

पण सरकारकडे बोट दाखवून आपण सुटत नाही. मालेगाव-भिवंडीत कामगार आपला तसे अनेक मालकही आपलेच. अपघात झाला की आपण वर्गणी काढतो, जकातीतून मदत करतो. ते चांगलेच आहे, पण त्याने तुटलेली बोटे परत येत नाहीत. पट्ट्यावर जाळी बसवायला, नव्या पोराला चार दिवस जाणत्या कारागिराजवळ उभे करायला कोणत्याही अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही.