मशीन कुठे गेलं?



या महिन्यात माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल लिहितो. चूक चांगल्या हेतूने केलेली होती, म्हणून ती चूक आहे हे कळायला वेळ लागला.

२०१९ मध्ये ऑफिसातल्या आम्ही सात-आठ जणांनी पैसे जमवून एका बाईंना शिलाई मशीन घेऊन दिलं. नवरा एड्सने गेलेला, त्यांना स्वतःला एचआयव्ही, पदरात दोन मुलं. मुलगी सातवीत, मुलगा दुसरीत. आम्ही त्यांना अक्का म्हणतो आणि त्या मला ‘तम्मुडू’, म्हणजे धाकटा भाऊ. त्यांना विचारूनच हे लिहितोय, पण नाव आणि वस्ती सांगणार नाही. संमतीशिवाय कुणाची एचआयव्हीची माहिती उघड करायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे.

चार महिन्यांनी गेलो तर कोपरा रिकामा. मशीन विकलं होतं! तोंडाने काही बोललो नाही, पण मनातून चिडलो. घरी येऊन आईला सांगितलं. आईने काचीगुड्यात तीस वर्षं भिशी चालवली आहे. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, “उपाशी माणसाला बियाण्याची पिशवी दिलीस. तो पेरेल, का शिजवून खाईल?”

पुढच्या रविवारी परत गेलो आणि या वेळी नुसतं ऐकलं. मुलाला ताप आला, पंधरा दिवस उतरेना. अक्कांची धुणीभांड्यांची दोन कामं सुटली. भाडं थकलं, म्हणून शेकडा पाच रुपये महिना व्याजाने कर्ज काढलं. एआरटी केंद्रात जायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते, म्हणून ती फेरी टळली आणि गोळ्यांत खंड पडला. त्यांनाच थकवा आला, तेव्हा मुलगी शाळा सोडून त्यांच्या जागी कामाला जायला लागली. शेवटी अक्कांनी मशीन विकलं, कर्ज फेडलं आणि मुलीला परत शाळेत धाडलं.

म्हणजे मशीन वाया गेलं नव्हतं. आमच्या हिशेबात नसलेलं काम त्याने केलं होतं.

त्याच कायद्यात एक कलम आहे, ते वाचून मी गप्प झालो. एचआयव्हीबाधित घराचा कारभार सांभाळणारं, पुरेशी समज असलेलं १२ ते १८ वयाचं मूल आपल्या धाकट्या भावंडाचं पालक होऊ शकतं. शाळाप्रवेश, बँक खातं, उपचार अशा कामांसाठी त्याची सही चालते. बाराव्या वर्षी घर चालवणारी मुलं आपल्या देशात आहेत, हे संसदेलाही लिहून ठेवावं लागलं. अक्कांची मुलगी तेव्हा बारा वर्षांचीच होती.

सर्व्हर सारखा बंद पडत असताना त्यावर नवं फीचर चढवू नये, हे आम्ही ऑफिसात रोज एकमेकांना सांगतो. इथे मात्र विसरलो. अशा घराला आधी पडण्यापासून थांबवावं लागतं, मग चार पैसे मागे ठेवता यावे लागतात, आणि धंदा त्यानंतर.

पहिली गोष्ट गोळ्यांची. आपल्या देशात एआरटीची औषधं १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. ती नियमित घेणारा माणूस चारचौघांसारखं काम करू शकतो. औषध फुकट आहे, पण तिथवर जायचा दिवस फुकट नाही. त्या दिवसाची मजुरी आणि बसभाडं आम्ही वर्षभर भरलं. मशीनपेक्षा हा खर्च कमी होता.

दुसरी गोष्ट दरमहा ठरलेल्या पैशांची. तेलंगणात एआरटी घेणाऱ्यांना तेव्हा आसरा पेन्शन मिळत होती, २०१९ पासून महिना २०१६ रुपये. पण त्यासाठी आजार कागदावर येणार, आणि ऑफिसात वस्तीतलंच कुणीतरी भेटणार, ही अक्कांची भीती. विधवांनाही तेवढीच पेन्शन होती. नवऱ्याचा मृत्यूचा दाखला काढला, त्या रकान्यात अर्ज केला, आजाराचं नावही काढावं लागलं नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये धुणीभांडी बंद पडली, तेव्हा चूल याच पैशांवर पेटली.

(आज कुणी असं घर ओळखत असेल तर ‘मिशन वात्सल्य’ची प्रायोजकत्व योजना लक्षात ठेवा. विधवेच्या किंवा गंभीर आजारी पालकांच्या मुलांसाठी दरमहा ४००० रुपयांची तरतूद आहे. उत्पन्नाची अट शहरात वर्षाला ९६,००० आणि खेड्यात ७२,००० रुपयांपर्यंत. चौकशी जिल्हा बाल संरक्षण कक्षात करायची.)

तिसरी गोष्ट बचतीची. अक्का वस्तीतल्या बचत गटात शिरल्या. पुढचा ताप आला तेव्हा गटातून शेकडा एक रुपयाने पैसे मिळाले आणि मुलीची शाळा एक दिवसही बुडली नाही. युगांडात फ्रेड सेवामाला या संशोधकाने एड्समुळे अनाथ झालेल्या मुलांच्या नावाने बचत खाती उघडली. घरच्यांनी जेवढं टाकलं त्याच्या दुप्पट भर प्रकल्पाने घातली, आणि ते पैसे शिक्षणासाठी किंवा छोट्या धंद्यासाठी वापरायचे होते. प्रकल्पाचं नाव ‘सुबी’, तिथल्या भाषेत आशा. आमच्या भिशीवाल्या आईला ही कल्पना फार आवडली.

धंदा सगळ्यात शेवटी आला. मी डोशाचं पीठ विकायचं सुचवलं होतं. अक्का हसल्या. “तम्मुडू, उद्या कुणाला कळलं तर पीठ कोण घेईल?” अन्नातून एचआयव्ही पसरत नाही, हे मला आणि त्यांना माहीत आहे. गिऱ्हाइकाला पटवत बसायला त्यांच्याकडे वेळ नाही. त्यांनी आधी एका दुकानात साड्यांना फॉल-पिको करायचं काम धरलं. दीड वर्षाने गटाचं कर्ज घेऊन जुनं मशीन आणलं, ते अजून त्या कोपऱ्यात आहे.

मुलगी आता पॉलिटेक्निकला आहे. मध्यंतरी तिने मला कोडिंगमधली एक शंका विचारली, त्याचा आनंद वेगळाच!

कुणाला मदत करायची असेल तर वस्तू घेण्याआधी एवढंच विचारा: पुढच्या महिन्यात घरात कुणी आजारी पडलं तर काय विकाल? उत्तरात तुमचीच वस्तू येणार असेल, तर थोडं थांबा.

अक्कांना शेजारणी विचारतात, मशीन कुणी दिलं? त्या म्हणतात, “दिलं नाही, घेतलं.”