होडी घ्यावी की मोठी बोट?

बालदोस्तांनो, आज एक कोडं घालतो. याचं उत्तर शेवटच्या पानावर उलटं छापलेलं सापडणार नाही, कारण ते घरागणिक बदलतं.

असं समजा, की तुम्ही वसईच्या पाचूबंदरला मच्छीमाराच्या घरात राहता. जुनी होडी आता दुरुस्तीपलीकडे गेली आहे. बाबा म्हणतात, तेवढीच नवी होडी घेऊ. काका म्हणतात, कर्ज काढू, पण मोठी बोटच बांधू. आई हिशेबाची वही उघडून बसली आहे. तुमचं मत कुणाला?

"मोठी!" असंच ओरडलात ना? थांबा, जरा गणित करू. होडीची लांबी, रुंदी आणि खोली, तिन्ही दुप्पट केली तर तिचं पोट किती पट होईल? दुप्पट नव्हे, 2 × 2 × 2 म्हणजे चक्क आठपट! पण पोट आठपट झालं म्हणून समुद्र काही आठपट मासे देत नाही. उलट ते पोट हलवायला मोठं इंजिन हवं, जास्त डिझेल हवं, बर्फ हवा, खलाशी हवेत आणि त्यांचे पैसेही चुकते करायला हवेत. त्यामुळे जवळपास थोडी मासळी पकडून परत फिरणं मोठ्या बोटीला परवडतच नाही. तिला लांब जावं लागतं, काही दिवस तिथेच राहावं लागतं.

मासे कोणते हवेत, हेही बघायला हवं. वसई-अर्नाळ्याकडे डोल जाळं फार. भलीमोठी पिशवीच ती, तोंड रुंद आणि शेपटाकडे निमुळती. ती माशांमागे धावत नाही. प्रवाहाकडे तोंड करून ती समुद्रात बांधून ठेवतात आणि भरती-ओहोटीचं पाणीच बोंबील, जवळा, मांदेली तिच्यात आणून घालतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा पाण्याला ओढ असते आणि जाळं भरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाणी सुस्त आणि जाळंही सुस्त! डोल लावायला मोठ्या बोटीही जातात, पण चंद्रापुढे त्यांचंही काही चालत नाही. पापलेटसाठी मात्र (2023 पासून तो आपल्या महाराष्ट्राचा राज्यमासा आहे, बरं का!) पडद्यासारखी लांबलचक जाळी घेऊन खोल पाण्यात जावं लागतं. तिथे काकांची बोट हवी.

कुणी म्हणेल, मग रुंद, सपाट बुडाचीच बोट घ्या, ती डुलत नाही. खरंय. 2024 च्या फेब्रुवारीत सुरू झालेली वसई-भाईंदर रो-रो फेरीबोट तशीच आहे, गाड्या सरळ आत शिरतात. खाडीत ती झकास! पण उघड्या समुद्रात सपाट बूड लाटेवर धाडकन आपटतं. तिथे पुढून निमुळती, लाट कापणारी बोटच बरी.

आणि वारा सुटला तर? मोठी बोट जास्त सोसते. होडी लवकर घरी येते, कारण ती फार दूर गेलेलीच नसते.

आता आईची वही. 1 जून ते 31 जुलै, म्हणजे 61 दिवस, यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. कर्जाचं व्याज मात्र बंदी पाळत नाही. मला विचाराल तर घरातून समुद्रावर जाणारे दोघंच असतील तर होडी बरी. तीन-चार भाऊ एकजुटीने जाणार असतील, तर काकांचं ऐकावं.

म्हणून आई तुम्हालाच विचारणार. बोट दहा-पंधरा वर्षं तरी चालवायची, मग तिच्यावर पुढे कोण जाणार? तुम्ही जाणार का? खरं खरं सांगा हं, बाबा ऐकताहेत म्हणून "हो" नको!