‘पार्ट मिळत नाही’

देवळाचे छप्पर गळू लागले म्हणून देऊळच मोडून टाकावे, असा ठराव कोणत्याही महाजन मंडळींनी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. कौले बदलतात, वासे बदलतात, वाळवी लागलेला खांब उतरवून नवा बसवितात, आणि देऊळ तेच राहते. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा विधी सांगितला आहे. म्हणजे जुने सावरणे हे आपल्याकडे कंजूषपणाचे नव्हे, पुण्याचे काम मानले गेले. परंतु त्याच देवस्थानाच्या अग्रशाळेतील कपडे धुण्याचे यंत्र पाणी सोडीनासे झाले, की तीच समंजस मंडळी ‘भंगारात काढा’ म्हणून अर्ध्या घटकेत मोकळी होतात. घरोघरीही तीच तऱ्हा. खंडेनवमीला यंत्रावर झेंडूचे फूल वाहावयाचे आणि दिवाळीच्या ‘एक्स्चेंज’मध्ये तेच यंत्र मातीमोलाने दुकानदाराच्या हवाली करावयाचे, याला पूजा म्हणावे की निरोपसमारंभ?

वरून झाकण उघडणारे ‘टॉप-लोडिंग’ यंत्र ही काही गूढ वस्तू नव्हे. एक टब, त्यात फिरणारा ड्रम, तळाशी पल्सेटर, खाली मोटर, आणि हा सारा डोलारा चार कोपऱ्यांतील चार सळयांवर टांगलेला. पिळताना यंत्र घरभर नाचू लागले, तर बहुधा या सळयांतील स्प्रिंगा व प्लास्टिकच्या वाट्या झिजलेल्या असतात. मोटर नुसती घूं घूं करते आणि फिरत नाही, तेव्हा पुष्कळदा दोष कपॅसिटरचा असतो. पाणी भरावयास तास लागतो, तेव्हा इनलेट वाल्व्हच्या तोंडाशी असलेली इवलीशी जाळी क्षाराने बुजलेली असते. तिला नवा भागही लागत नाही, एक जुना ब्रश पुरतो. विमान उडाल्यासारखा आवाज येऊ लागला, की बेअरिंग गेले आणि त्याआधी त्याच्यावरचे रबरी सील गेले असे समजावे. दोन्ही एकदमच बदलावीत, नाहीतर नव्या बेअरिंगमध्ये पुन्हा पाणी शिरते. यांतील पुष्कळ जिनसा कोणत्याही एका कंपनीच्या मिरासदारीच्या नव्हेत. बेअरिंगवर क्रमांक कोरलेला असतो. ६२०४ म्हटले की आतला व्यास २० मिलिमीटर आणि बाहेरचा ४७, मग ते बेळगावात मागा, इंदुरात मागा की मडगावात. कपॅसिटरचे माप त्याच्या अंगावर छापलेले असते, पट्ट्याचे पट्ट्यावर. हे काम जाणत्या कारागिराचे आहे, हे खरे. बंद यंत्रातील कपॅसिटरही झटका देऊ शकतो, तेथे हौशी हात नकोत. परंतु जाणता कारागीर गावात नाही, असे नाही. त्याला आपण बोलावीत नाही.

मग अडते कोठे? अडते ते ‘पार्ट मिळत नाही’ या तीन शब्दांपाशी. नियंत्रणाचे इलेक्ट्रॉनिक कार्ड हा याचा उत्तम नमुना. त्यावर राळेसारखा लेप ओतलेला असतो. दमट हवेपासून संरक्षण म्हणून तो ओततात, आणि कोकणपट्टीत त्याचा उपयोगही आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण त्याच लेपामुळे आतला क्षुल्लक रिले बदलणे दुरापास्त होते, अख्खे कार्ड घ्यावे लागते, आणि कार्ड मागावे तर ‘ते मॉडेल बंद झाले’. विकताना जी वस्तू पिढ्यान्‌पिढ्या टिकेल असे भासविले, तिचा एक भाग काही वर्षांत दुर्मीळ व्हावा, हा योगायोग म्हणावयाचा काय?

आमच्या व्यवसायामुळे आम्हांस याची दुसरी बाजू दिसते. विक्री झाली म्हणजे मालकी संक्रमित झाली, हे कायद्याच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. मालकाला स्वतःची वस्तू दुरुस्त करता येऊ नये अशी व्यवस्था करणे म्हणजे विकून झाल्यावरही अर्धी मालकी आपल्यापाशी ठेवणे होय. युरोपीय संघाने २०१९ साली नियम केला व २०२१ पासून तो लागू झाला: धुण्याच्या यंत्रांचे ठरावीक सुटे भाग, त्या मॉडेलचे शेवटचे यंत्र बाजारात आल्यानंतर किमान १० वर्षे मिळाले पाहिजेत, आणि मागणीनंतर १५ कामकाजाच्या दिवसांत पोहोचले पाहिजेत. तेथे विकणाऱ्या काही कंपन्या येथेही विकतात. तेथे जमते ते येथे न जमण्याचे तांत्रिक कारण कोणी आम्हांस समजावून द्यावे. आपल्याकडे २०२२ साली केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली व त्याच वर्षाच्या डिसेंबरात एक पोर्टल उघडले. माहिती मिळते, ठीक आहे. परंतु माहितीने ड्रम फिरत नाही. त्याआधी २०१४ साली स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध निर्णय देताना, सुटे भाग खुल्या बाजारात न सोडण्याच्या त्यांच्या रीतीस स्पर्धाविरोधी ठरविले होते. मोटारीचा निवाडा धुण्याच्या यंत्राला आपोआप लागू पडत नाही, हे आम्ही जाणतो. तत्त्व मात्र चार चाकांपुरते आहे असे आम्हांस वाटत नाही.

नव्या यंत्रांना पाणी कमी लागते, असा एक आक्षेप घेतला जातो. समोरून उघडणाऱ्या यंत्रांपुरता तो बरोबर आहे. पण जुने टॉप-लोडिंग देऊन नवे टॉप-लोडिंगच घरी आणणाऱ्याने तो युक्तिवाद कोणत्या तोंडाने करावा? दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा: ‘दुरुस्त करून वापरतात’ हे वाक्य आपल्यात टोमण्यासारखे उच्चारले जाते. समईची वात सरळ राहावी म्हणून वाकलेले तबक तांबटाकडे नेणाऱ्या आजीला असा टोमणा कोणी मारीत नव्हते.

देवस्थानाची गोष्ट याहून गंभीर. तेथील पैसा देवाचा, समिती केवळ विश्वस्त. काही शे रुपयांच्या सळ्या बदलून चालणारे यंत्र टाकून वीस हजारांचे घेणाऱ्या समितीला वार्षिक सभेत महाजनांनी दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत: कारागिराचा लेखी अंदाज घेतला होता काय? आणि नवे घेताना, त्याचे कार्ड व बेअरिंग किती वर्षे मिळेल, हे विक्रेत्याकडून शिक्क्यानिशी लिहून घेतले काय? असा कागद फाइलीत असेल, तर उद्या ‘पार्ट मिळत नाही’ म्हणणाऱ्यासमोर तो ठेवता येतो, आणि गरज पडल्यास जिल्हा ग्राहक आयोगासमोरही. तेथे पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीस शुल्क नाही, मुदत मात्र दोन वर्षांची आहे.