नाक मोजून कुणी परका ठरत नाही

म्हसवडच्या आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉरवर्ड आला: मुसलमानांचा वंशच वेगळा, असं ‘विज्ञान’ सांगतं. मी तावातावानं टाइप केलं: होय, आमचं खानदान अरबस्तानातलं! पाठवण्याआधी थांबलो. मी इंजिनिअर, पण पुरावा त्याच्याकडे नव्हता, तसा माझ्याकडेही नव्हता.

असलं ‘विज्ञान’ आपण आधीही भोगलंय. १९०१च्या जनगणनेचा आयुक्त रिस्ले नाकाच्या मापावरून जातींची उच्चनीचता ठरवायचा. म्हणून मानववंशशास्त्रच फेकून द्यायचं? नाही. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला शिकायला गेल्या. तिथले प्राध्यापक फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे. गोऱ्यांची कवटी वेगळ्या घडणीची, म्हणून ते बुद्धीनं वरचढ, हे त्यांचं गृहीतक. कर्व्यांनी १४९ कवट्या मोजल्या. घडणीचा वंशाशी संबंध सापडला नाही. मार्गदर्शकाला न रुचणारं उत्तर त्यांनी तसंच प्रबंधात लिहिलं.

रिस्लेनंही मोजलं, कर्व्यांनीही मोजलं. एकानं उत्तर आधीच ठरवलं होतं, दुसरीनं आकड्यांना बोलू दिलं. फरक एवढाच, पण सगळा तोच.

मित्रांनो, ही कसोटी आपल्यालाही लागू आहे. बागवान, तांबोळी, आतार ही आपली आडनावं इथल्याच बाजारपेठेतली. त्यांची लाज वाटून अरबी वंशावळ शोधणं म्हणजे रिस्लेचीच पट्टी उचलणं. आणि उद्या कुणाचे पूर्वज खरंच समुद्रापलीकडचे निघाले, तरी त्याचं नागरिकत्व तसूभर कमी होत नाही. ते संविधानानं दिलंय, कवटीनं नव्हे.

मी लिहिलेलं खोडलं. ग्रुपवर दोनच शब्द टाकले: पुरावा कुठाय?