पार्लरवाल्यांना हद्द कसली?



‘परप्रांतीय ब्युटिशियनना महाराष्ट्राचा परवाना सक्तीचाच ठेवा’ हे आपल्या अंकातलं मत वाचलं. ‘ठेवा’ म्हणजे काय? असा परवाना आपल्याकडे मुळात नाहीच. राज्यागणिक परवाना अमेरिकेत लागतो, आणि तिथल्याही काही राज्यांनी आता आपसात करार करून ही अट सैल करायला घेतली आहे. आपल्याकडे आयटीआयचं कॉस्मेटॉलॉजीचं राष्ट्रीय प्रमाणपत्र देशभर चालतं. छोट्या पार्लरला तर २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नुसती सूचना दिली की झालं.

‘स्थानिकांना संरक्षण’ हेही जुनंच तुणतुणं. मुंबईतल्या सिनेमा मेकअपवाल्यांच्या संघटनेने सभासदत्वासाठी महाराष्ट्रात पाच वर्षं वास्तव्याची अट घातली होती. वर बायकांनी फक्त केस करायचे, मेकअप पुरुषांनीच! मेकअप कलाकार चारू खुराना यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० नोव्हेंबर २०१४ रोजी दोन्ही अटी मोडीत काढल्या. लेखकाला हे ठाऊक नसावं.

आणि फटका कोणाला? आमच्याकडच्या मुली लग्नसराईत मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या ऑर्डरी घेतात, पहाटे उठून नवरीला नऊवारी नेसवतात, खोपा घालतात. उद्या मध्य प्रदेशानेही परवाना मागितला तर?

लेखकाची अस्वच्छतेबद्दलची तक्रार तेवढी रास्त. पण एकच स्पंज चार चेहऱ्यांवर फिरवणारी, पॅच टेस्टशिवाय ब्लीच लावणारी बाई आपल्या गावातही सापडेल. ब्रश-टॉवेल जरूर तपासा. आधार कार्डावरचा पत्ता कशाला?

– एक पार्लरचालक, आर्वी (जि. वर्धा)