सरळ जा, सरळ ये!

आयांना आता आणखी एक काम लागलं आहे. मुलांना सोबत घेऊन बाजारहाट तर करायचीच, पण ती करता करता त्यांना रमवायचंही. पालकत्वाच्या सदरांत, शाळांच्या पालकसभांत, मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत एकच सल्ला ऐकू येतो : रोजच्या कामांचा खेळ करा. मंडई म्हणजे जंगल, वाणसामानाची यादी म्हणजे खजिन्याचा नकाशा, रेशनची रांग म्हणजे आगगाडी. मूल किरकिर करत नाही, वर बेरीज-वजाबाकीही शिकतं.

अशाच एका पालकसभेला मी गेल्या वर्षी बसले होते. बोलावलं होतं ‘पालकांना’ आणि आल्या होत्या आया. दोन बाप दाराशी उभे होते, तेही घड्याळाकडे बघत. वक्ते गृहस्थ बोलले छान. पण एकीनं विचारलं, “सर, एका हातात पिशवी, कडेवर धाकटं, घरी सासऱ्यांच्या जेवणाची वेळ झालेली. तेव्हा जंगल कसं करायचं?” सभेत हशा पिकला. वक्तेही हसले आणि म्हणाले, “आईला काय अशक्य आहे?”

मैत्रिणींनो, हे वाक्य आपण पूर्वीही ऐकलेलं आहे. आईला अशक्य काही नाही म्हणून तिनं सगळ्यांच्या नंतर जेवायचं, तापात उठून डबे करायचे. आता त्यात भर म्हणून कोथिंबिरीची जुडी घेताना वाघाचा आवाज काढायचा.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसातला सरासरी वेळ निघाला २९९ मिनिटं. पुरुषांचा निघाला ९७ मिनिटं, आणि असं काम करणारे पुरुष मुळात होतेच शंभरात २६. बायका होत्या ८१. पुढची पाहणी २०२४ची. तिच्यात बायकांची २८९ मिनिटं झाली आणि पुरुषांची ८८. म्हणजे बायकांची दहा मिनिटं वाचली तर पुरुषांचीही नऊ वाचली. दोघांतला फरक २०२ मिनिटांचा होता, तो २०१ झाला. पाच वर्षांत एक मिनिट! आणि ह्या जवळजवळ पाच तासांत आता करमणुकीचा कार्यक्रमही बसवा म्हणतात.

मी खेळाच्या विरुद्ध आहे असा अर्थ कुणी काढू नये. कामाचा खेळ होतो, आणि उत्तम होतो. मुलं तो आपला आपण करतात. आमच्या लहानपणी दळण आणणं हे मुलांकडचं काम. डब्यात आई गहू भरून द्यायची आणि निरोप सांगायची, “गव्हावरच टाका म्हणावं, ज्वारीवर नको.” हा निरोप रस्ताभर घोळवत न्यायचा, वाटेत दुसरा शब्द बोललं की मंत्राची शक्ती गेली, असा आमचा नियम. हा नियम कुणा मोठ्या माणसानं घालून दिलेला नव्हता. गिरणीत शिरलं की पट्ट्याची फडफड, जमिनीची थरथर, पिठानं भुवया पांढऱ्या झालेला गिरणीवाला. तो आमच्या लेखी भूत होता, पण चांगलं भूत, कारण नंबर लावताना तो लहान मुलांना ढकलत नसे. थंडीच्या दिवसांत गरम पिठाचा डबा पोटाशी धरून घरी यायचं. डब्यात जिवंत प्राणी आहे असं समजून आम्ही त्याच्याशी बोलत असू. ह्यासाठी आईनं काय केलं? डबा दिला, पैसे दिले आणि ती आपल्या कामाला लागली.

बालशिक्षणात ज्यांनी हयात घालवली त्यांनाही हेच दिसलं होतं. मारिया माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत बालगृह काढलं, तेव्हा मुलं खेळण्यांपेक्षा झाडण्यात, पुसण्यात, ओतण्यात जास्त रमतात हे त्यांनी टिपून ठेवलं. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं. पुढे १९५७ पासून कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ आदिवासी मुलांबरोबर राहिल्या. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तर शाळाच कुरणात गेली. तिला त्यांनी नावही साधं दिलं, कुरणशाळा. पानं, बिया, शिंपले हीच शिकण्याची साधनं. मुलाच्या हातातलं काम खरं आहे हे त्यांनी मानलं, त्याच्यावर रंगीत कागद चिकटवला नाही.

मग अडतं कुठं? माझ्या मते अडतं ते वेळेपाशी आणि रस्त्यापाशी. कामाचा खेळ व्हायला युक्त्या लागत नाहीत, रमायला मोकळीक लागते. फरशीच्या रेघेवर पाय न ठेवता दुकानापर्यंत जायचं तर दुप्पट वेळ लागतो. कुत्र्याची पिल्लं मोजायची, चांभाराच्या पेटीत डोकवायचं, बांधकामावरच्या वाळूच्या ढिगावर एकदा तरी चढायचं, म्हणजे कामाशिवाय रेंगाळायचं. ही मोकळीक आपल्या घरांत एकालाच मिळते. मुलगा कोपऱ्यावरून दही आणायला जाऊन तासाभरानं आला तर “रमलं असेल पोरगं.” मुलगी वीस मिनिटांत आली नाही तर आई दारात, आजी खिडकीत, आणि बाबा चपला घालून तयार. तिला निघतानाच बजावलेलं असतं : सरळ जा, सरळ ये. ह्या चार शब्दांत खेळ कुठे बसवायचा?

दळणाला मी आणि भाऊ बरोबर जायचो तेव्हा तो सायकलीचा ड्रायव्हर असे आणि मी कॅरिअरवरचा डबा मागून धरून चालायची. तो एकटा गेला की “गिरणीत रांग होती” एवढं सांगून सुटायचा. तेच उत्तर मी दिलं तर शेजारणीला विचारून खात्री केली जायची. गिरणी तीच, रांगही तीच. अकरावं लागलं आणि माझं दळण बंद झालं. ते काम आठ वर्षांच्या धाकट्याकडे गेलं. मला कुठे जायचंच असेल तर तोच माझा राखणदार म्हणून सोबत यायचा! तीन वर्षांनी लहान भावाच्या संरक्षणाखाली मी पोस्टात जात होते. घरात कुणालाच ह्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे ह्या तिघींनी मुंबईतल्या बायकांच्या फिरण्याचा अभ्यास करून ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक २०११ साली लिहिलं. बाईला रस्त्यावर यायचं असेल तर तिच्या येण्याला काहीतरी कारण दिसावं लागतं, हा त्यांचा मुद्दा. हातात पिशवी हवी, कडेवर मूल हवं, चाल घाईची हवी. पुरुष नाक्यावर नुसता उभा राहू शकतो. त्यांचं म्हणणं असं की बाईलाही विनाकारण रेंगाळण्याचा हक्क हवा. मी एवढंच जोडते की ह्या हक्काचं पहिलं शिक्षण आठव्या-नवव्या वर्षी वाण्याच्या दुकानापर्यंतच्या वाटेवर होतं, किंवा होत नाही. पोरवयात रस्ता रमण्यासाठी असतो हे ज्याला कळलं तो पुढे नाक्यावर निर्धास्त उभा राहतो. रस्ता ओलांडून घर गाठायचं असतं एवढंच जिला शिकवलं, ती पुढे आई होऊन मंडईत धावतपळतच फिरते. आणि तिलाच आपण सांगतो, मुलांबरोबर जंगल-जंगल खेळ. कुणाच्या वेळात?

कुणी म्हणेल, मुलींनाही खेळ आहे की, भातुकली. आहे ना! त्यात मुलगी चूल पेटवते, लुटूपुटूचा भात वाढते, आणि शेजारचा बंड्या ऑफिसातून येऊन तो जेवतो. भातुकली मलाही आवडायची, तिच्यावर माझा राग नाही. पण मुलाच्या हातात केरसुणी आली की तिचा घोडा होतो आणि मुलीच्या हातात आली की केरसुणीच राहते, हे आपण रोज बघतो. मुलाचं काम खेळात जमा, मुलीचा खेळ कामात जमा.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. बाहेर वाहनं बेफाम, फूटपाथ दुकानदारांनी आणि दुचाक्यांनी गिळलेले, माणसांचा भरवसा नाही. मान्य. पण मग मुलाला कसं सोडता? गाडी मुलगा-मुलगी बघून धडकत नाही, आणि मुलग्यांवरही अत्याचार होतात. रस्ता धोक्याचा असेल तर तो सुधारायला नगरसेवकाच्या दारात जायला हवं. मुलीला आत घेऊन दार लावल्यानं फूटपाथ मोकळा होत नाही, उलट रस्त्यावर पोरी दिसेनाशा होतात आणि उरलेल्या एकट्या पडतात.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगायला हवी. जिथे काम मुलांच्या कुवतीबाहेरचं आहे तिथे खेळाची भाषाच नको. उन्हाळ्यात टँकरपाशी हंड्यांची रांग धरून बसणारी पोर, धाकट्याला सांभाळण्यासाठी शाळा बुडवणारी पोर, हिला ‘गंमत म्हणून कर’ सांगणं ही फसवणूक आहे. बालकामगारांच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी झाली, पण शाळेनंतर आणि सुट्टीत घरच्यांना, घरच्या धंद्यात ‘मदत’ करायला मोकळीक राहिली. मदत हा शब्द मोठा सोयीचा आहे. त्याच्या पोटात मुलींचे किती तास गेले ते कुणी मोजत नाही.

तेव्हा सल्ला द्यायचाच असेल तर तो वेगळ्या पत्त्यावर पाठवावा. बापांनी पिशवी उचलावी, आणि मुलगा-मुलगी दोघांना घेऊन मंडईत जावं. गेले की लोक कौतुक करतात, “किती हो मदत करता वहिनींना!” त्या कौतुकाला उत्तर द्यावं की हे माझंच काम आहे. यादी मुलीच्या हातात द्यावी, पैसेही तिच्याच हातात, म्हणजे सुट्ट्याऐवजी गोळी देणाऱ्या दुकानदाराशी भांडायला ती शिकेल. मेथी, शेपू, करडई डोळे मिटून वासावरून ओळखायची पैज बापानं लावावी. हरला तर पिशवी त्यानंच धरावी. आणि मुलगी एकटी जाण्याएवढी झाली की निघताना तिला फक्त रस्ता नीट ओलांड एवढं सांगावं. पाव तास उशीर झाला तर तो तिच्या खात्यावरचा वेळ. शेजारच्या काकूंनी “कुठे होती गं इतका वेळ?” विचारलं तर उत्तर घरातल्या मोठ्या माणसानं द्यावं, “दही आणायला गेली होती, वाटेत खेळत होती.”

आमच्या गटातल्या तीन घरांत रविवारची भाजी सध्या बाप आणि मुलं आणतात. दीड-दोन तास लागतात. दुधी जून निघतो, पालक चिखलासकट येतो, आणि आलं हमखास विसरतं. पहिल्या महिन्यात आमच्यातली एकजण न राहवून मागोमाग स्वतः जाऊन आलं घेऊन यायची. आता ती जात नाही. रविवारचा चहा बिनआल्याचा होतो आणि सगळे तो पितात.